उशांची इमारत

आमच्या ह्यांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून हव्या होत्या. एक म्हणजे, बंगळुरूला असलेली आमची लेक केतकी नागपुरात, जमलं तर आमच्याच कॉलनीत राहायला यावी. आणि दुसरी म्हणजे, आमच्या कॉलनीत नवी एकही इमारत होऊ नये. या दोन इच्छा एकमेकींच्या सवती आहेत, हे पाटबंधारे खात्यातून मोठा अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. जेवताना म्हणायचे, "केतकीला म्हणा, इकडंच घर पाहून घे," आणि हात धुऊन कुठल्यातरी इमारतीच्या प्रस्तावाविरुद्ध आक्षेप लिहायला बसायचे.

प्रमोद उमाठे हे नाव आमच्या भागात आक्षेपांसाठीच ओळखलं जातं. प्राजक्त कॉलनी नागरिक कृती समितीचे ते अध्यक्ष. दवाखान्यावर एक मजला चढणार होता, ह्यांनी तो चढू दिला नाही. दोन जुने बंगले पाडून तिथे फ्लॅट होणार होते, ह्यांनी ते दोन्ही बंगले वाचवले. पैकी एकात आता वटवाघळं राहतात. कॉलनीत घरं वाढली नाहीत, फक्त आहेत त्या घरांच्या किमती वाढल्या, आणि शेवटी कॉलनीतल्या कुणाच्याही मुलाला कॉलनीत घर घेणं परवडेना. रविवारी सगळ्या घरांतून आजी-आजोबा पडद्यावर नातवंडं बघायचे आणि सोमवारी समितीच्या बैठकीला यायचे.

अशात कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या आरा मशीनच्या, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीच्या, जागेवर सात मजली इमारतीचा प्रस्ताव आला आणि केतकीने त्यात चौथ्या मजल्यावरचा चारशे दोन नंबरचा फ्लॅट नोंदवून टाकला. मला फोन केला आणि म्हणाली, "आई, बाबांना सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

"अगं, सांगितलं तर विरोधच सोडतील ते."

"तू ओळखतेस ना त्यांना? त्यांना कळलं, की आपण कसे निःपक्षपाती आहोत हे दाखवायला दुप्पट आक्षेप घेतील."

मी पंचेचाळीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढे आणला आणि कबूल केलं. पोरीचं खरं होतं. ह्यांचा सख्खा भाचा खात्यात नोकरीच्या मुलाखतीला आला होता, तेव्हा आपला म्हणून ह्यांनी त्याला असे काही प्रश्न विचारले, की तो त्यानंतर आमच्याकडे दिवाळीलाही आला नाही.

आता उशांविषयी सांगते. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, पण घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

नवी इमारत शेजाऱ्यांना कशी वाटेल यावर आपल्या शहरांनी वर्षानुवर्षं भांडणं केली ती नुसती चित्रं पाहून. बिल्डरच्या चित्रात झाडं हिरवीगार, माणसं सडपातळ आणि रस्ता रिकामा. विरोधकांच्या चित्रात तीच इमारत म्हणजे कॉलनीच्या छातीवर बसलेला राक्षस. म्हणून सरकारने नियम केला, की परवानगीच्या आधी इमारत उभी करून दाखवायची. विटांची नव्हे, उशांची. सुपाएवढी एक उशी. आत हीलियम भरलेला, म्हणून ती हवेत तरंगते. चार कोपऱ्यांना बोटाएवढे पंखे, म्हणून ती जागा सोडत नाही. वरच्या अंगाला उन्हावर वीज करणारा पापुद्रा. अशा हजारो उशा. पाखरांचा थवा उडताना प्रत्येक पाखरू आपल्या शेजारच्याकडे बघून वळतं, तशी प्रत्येक उशी शेजारणीकडे बघून आपली जागा धरते. भिंत येणार तिथे उशा, खिडकी येणार तिथे मोकळी जागा.

सावलीच पाडायची तर उंचावर एक मोठं कापड का ताणत नाहीत, असं मला शेजारच्या वैरागडे वहिनींनी विचारलं होतं. त्याचं कारण सूर्य. तो आपल्याला ठिपका वाटतो, पण आहे थाळीसारखा. थाळीच्या एका काठावरून येणारा उजेड आणि दुसऱ्या काठावरून येणारा उजेड किंचित वेगळ्या दिशांनी येतात, त्यामुळे वस्तू जितकी उंच, तितकी तिच्या सावलीची कड पुसट. खूप उंचावरच्या घारीची सावली जमिनीवर सापडतच नाही ती याच कारणाने. खऱ्या इमारतीची खरी सावली हवी असेल, तर जिथे भिंत येणार नेमकी तिथेच उशी हवी. मग वाराही बराचसा तसाच अडतो आणि समोरच्या घरातून दिसणारं आभाळही तेवढंच कमी होतं.

शिवाय आवाज. उशीचा पापुद्रा थरथरवला की तो स्पीकरसारखा वाजतो. ज्यांनी फ्लॅट नोंदवले, त्यांच्या आत्ताच्या घरातले आवाज त्यांच्या संमतीने त्याच क्षणी इकडे त्यांच्या त्यांच्या मजल्यावरून ऐकू येतात. शब्द कालवून टाकलेले, पट्टी बदललेली. कोण काय बोललं हे कळू नये, पण कधी आणि केवढ्याने बोललं ते कळावं, एवढाच हेतू. महिनाभर शेजाऱ्यांनी या इमारतीसोबत राहून पाहायचं आणि मग आक्षेप घ्यायचे. जोवर एक तरी आक्षेप निकाली निघायचा बाकी आहे, तोवर उशा हलवायच्या नाहीत आणि त्यांचं भाडं बिल्डरने भरायचं. या शेवटच्या कलमाने पुढे सगळा घोळ केला.

एप्रिल लागला आणि उशा चढल्या. राखाडी रंगाची, सात मजल्यांची, पायच नसलेली इमारत आरा मशीनच्या जागेवर तरंगू लागली. संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये समितीची बैठक झाली.

"सावलीवर बहिष्कार!" ह्यांनी जाहीर केलं. "त्या उशा वरून मोजून राहिल्या, सावलीत कोण येते, किती वेळ बसते. आपलं म्हणणं काय, तर सावलीनं आपलं नुकसान होते. मग नुकसानीत जाऊन कोणी बसते का? एकानंही पाय टाकायचा नाही."

"नाही टाकणार जी," सचिव घाटोळे म्हणाले. घाटोळे बँकेतून निवृत्त झालेले. आवाज असा, की बँकेत असताना त्यांना माइक कधी लागला नाही. "जान गेली तरी नाही टाकणार."

जीव जायची वेळ फार लवकर आली. नागपूरचा उन्हाळा पूर्वीही साधा नव्हता, पण आता पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो. दुपारी कूलर गरमच हवा फेकतो. आणि नेमका हाच आमच्याकडे वाळवणाचा हंगाम. कितीही ऊन असो, कुरोड्या घालायच्या म्हणजे घालायच्या, आणि घातल्या की राखत बसायचं, नाहीतर कावळे आणि बकऱ्या वर्षाची बेगमी तासाभरात संपवतात.

पहिली फितुरी वैरागडे वहिनींनी केली. गच्चीवर पाय ठेववेना म्हणून त्यांनी कुरोड्यांची खाट आरा मशीनच्या मोकळ्या जागेत आणली. खाट उन्हात, आणि खाटेपासून हातभर अंतरावर, सावलीच्या रेघेच्या आत, त्यांची खुर्ची. ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून जाब विचारायला गेले.

"वहिनी, बहिष्कार आहे ना?"

"हो ना साहेब. पाहा, कुरोड्या उन्हातच आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं वाळून राहिली? वाळायचं त्यांना आहे."

हे तसेच उन्हातून परत आले. दुसऱ्या दिवशी तिथे चार खाटा होत्या. इमारतीच्या सावलीची कड इतकी रेखीव, की एका बाजूला कुरोड्या, मूगवड्या, सरगुंडे कडकडीत उन्हात, आणि दुसऱ्या बाजूला बाया गारव्यात. सूर्य सरकला की रेघ सरके, रेघेबरोबर खाटा सरकत आणि खाटांबरोबर गप्पा. घाटोळे "पाहणी करून राहिलो" म्हणून आले आणि पेपर उघडून पाहणी करत बसले. मग कॅरम आला. मग मठ्ठ्याची गाडी आली. आठवडाभरात अशी परिस्थिती झाली, की दुपारी कुणाच्या घरची बेल वाजवण्यात अर्थ नव्हता, सगळी कॉलनी नुकसानीत बसलेली असायची.

मीही जायची. चिंचा फोडायला घेऊन चौथ्या मजल्याच्या बरोबर खाली, चारशे दोनच्या स्वयंपाकघराखाली बसायची. वरून कुकरच्या शिट्ट्या यायच्या. मिक्सर लागायचा, आणि तो चालू असतानाच त्याच्या वर आवाज चढवून कुणीतरी बोलायचं. ही वाईट खोड केतकीने माझ्याकडून उचलली आहे. मग जावई निखिलेशच्या शिंका सुरू व्हायच्या, एकामागून एक, आता संपल्या म्हणेपर्यंत आणखी एक. मग हॉलभर तीनचाकी सायकल फिरवत असल्याची घरघर, ती नात शर्वी. शब्द एक कळत नसे. पण आई-बापाला पोरीच्या घरातले शब्द कशाला लागतात? फोनवर ती सगळं ठीक आहे म्हणते. इथे मला ऐकू यायचं, की तिची सकाळ किती धावपळीची जाते आणि संध्याकाळी ती किती वेळ हसते. चिंचा कधीच फोडून व्हायच्या, मी तशीच बसून राहायची. घरी आले की मन भरून आलेलं असायचं आणि हे म्हणायचे, "तूसुद्धा, मंजू?"

हे एकटेच बहिष्कार पाळत होते. दूध आणायलासुद्धा सावली टाळून मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायचे आणि लालबुंद होऊन परत यायचे. घरात बसून माझ्यावर रागवायचे आणि मी दिलेलं पन्हं प्यायचे.

महिना झाला आणि पहिली सुनावणी लागली. नगररचना विभागाच्या तुपकर मॅडम आल्या. नियमाप्रमाणे सुनावणी जागेवरच, म्हणजे सावलीतच. ह्यांनी आपली खुर्ची तेवढी ओढून उन्हात नेली आणि तिथून आक्षेप वाचला. सावलीमुळे नागरिकांच्या आरोग्यावर, मनःस्वास्थ्यावर आणि वाळवणावर घोर परिणाम होतो, असं त्यात होतं.

तुपकर मॅडमनी हातातल्या काचेच्या पाटीवर उशांनी केलेली मोजणी पाहिली. मग समोरच्या खाटा पाहिल्या. मग घाटोळ्यांच्या हातातला मठ्ठ्याचा ग्लास पाहिला.

"आक्षेप फेटाळला," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणाचा आक्षेप नसेल तर उद्या उशा उतरवू आणि परवानगीचं बघू."

माझा जीव सुपाएवढा झाला. केतकी येणार! पण भोवती पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"उद्या?" वैरागडे वहिनी म्हणाल्या. "माझ्या मूगवड्या राहिल्या ना."

"आणि आक्षेप असेल तर?" घाटोळ्यांनी विचारलं.

"तर तो निकाली निघेपर्यंत उशा राहतील."

घाटोळे ताडकन उठले. "माझा आक्षेप आहे!"

"कशावर?"

"ते उद्या लिहून देतो ना जी."

त्या दिवसापासून आमच्या घराला देवळासारखी गर्दी होऊ लागली. जो तो आक्षेप लिहून घ्यायला ह्यांच्याकडे. सातव्या मजल्यावरच्या लोकांना आमच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही हे दिसेल. नव्या पोरांचा चेंडू आमच्या आवारात येईल आणि परत मागतील. इमारतीकडे पाहताना मान अवघडते. एकाने तर लिहून दिलं, की या इमारतीमुळे आपल्याला दुपारी फार गाढ झोप लागते आणि त्यामुळे रात्रीची उडते. ह्यांनी प्रत्येकाला कलम शोधून दिलं, भाषा घासूनपुसून दिली. ह्यांना वाटत होतं, की तीस वर्षांच्या कार्याचं चीज झालं.

"लोक जागे झाले, मंजू!" ते मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. "मी एकटा लढून राहिलो होतो. आता पाहा."

मला हसावं की रडावं कळेना. लोक जागे झाले नव्हते, सावलीत पेंगत होते. त्यांना इमारत नको होती आणि तिची सावली हवी होती, आणि एकेक आक्षेप म्हणजे आणखी चार दिवसांचा गारवा, तोही बिल्डरच्या खर्चाने. अशा सौद्यातून कोण उठेल?

बिल्डर मात्र उठायला निघाला. मेच्या मध्याला केतकीचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "आई, त्यांनी कळवलंय, जूनपर्यंत मंजुरी नाही मिळाली तर प्रस्ताव मागे घेणार. उशांच्या भाड्यानेच जेरीला आलेत ते. मग आम्ही इथंच घर घेऊन टाकू. निखिलेशच्या ऑफिसातही विचारताहेत, कायमचे राहणार की जाणार. किती दिवस टांगून राहायचं गं?"

बंगळुरूला एकदा घर घेतलं, शर्वीची शाळा तिथली झाली, की मग येणं म्हणजे दिवाळीचे चार दिवस. आमची दोघांची वयं सत्तरीपुढची. मी फोन ठेवला आणि शपथ मोडायची ठरवून ह्यांच्याकडे गेले.

ते लिहीत होते. चेहऱ्यावर नवा मुद्दा सापडल्याचा आनंद. "ये, ऐक. हा आक्षेप माझा स्वतःचा. दूध आणायला जातो तेव्हा लांबून ऐकून ऐकून बनवला. 'गाळा क्रमांक चारशे दोनमधून एका पुरुषाच्या अखंड शिंका, मिक्सरवर मात करणारे एका स्त्रीचे वक्तृत्व, व एका लहान मुलाच्या वाहनाचा अनिर्बंध संचार...' कशी आहे भाषा?"

मी कागदावर हात ठेवला. "अहो, हा नका देऊ."

"काहून नको? बिनतोड आहे. एका विशिष्ट गाळ्यावर आक्षेप घेतला, की नोंदणी करणाऱ्याला स्वतः सुनावणीला यावं लागते. कोणी उपटसुंभ असेल तिकडचा. येणारच नाही."

त्याच क्षणी मला सुचलं, की शपथ मोडायची गरजच नाही. सांगितलं असतं तर हे एकांतात तत्त्वाचा विचार करत बसले असते, आणि तत्त्वापुढे माझं काय चालणार? मी म्हटलं, "द्या मग." आणि आत जाऊन केतकीला फोन लावला. ती इतकी हसली की खाली आरा मशीनच्या जागेवर नक्की ऐकू गेलं असणार. मग म्हणाली, "येते."

सुनावणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, टळटळीत दुपारी. सगळी कॉलनी सावलीत हजर. ह्यांची खुर्ची उन्हात. बिल्डरचा इंजिनीअर कोपऱ्यात उदास उभा. तुपकर मॅडमनी पुकारलं, "गाळा चारशे दोनचे नोंदणीधारक?"

रस्त्यावर ऑटो थांबला. केतकी उतरली, मागून निखिलेश, त्याच्या कडेवर झोपाळलेली शर्वी.

ह्यांचा चेहरा असा फुलला, की मला माझीच लाज वाटली. "अगं! न सांगता? जा, घरी कूलरमध्ये बसा. एक सुनावणी आहे, ती आटोपली की आलोच."

"मी सुनावणीलाच आले बाबा," केतकी म्हणाली. "चारशे दोन मीच आहे."

कॅरमवाल्यांनीसुद्धा सोंगट्या खाली ठेवल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि पदराने नसलेला घाम पुसला.

"हितसंबंध!" घाटोळे गरजले. "अध्यक्षांच्या घरचाच फ्लॅट आहे!"

"आक्षेप वाचायचा आहे का?" तुपकर मॅडमनी विचारलं.

"वाचा बाबा," केतकी म्हणाली.

ते उठले आणि वाचू लागले. पहिली ओळ नेहमीच्या ठसक्यात गेली. अखंड शिंकांपाशी त्यांनी निखिलेशकडे पाहिलं, तर त्याने घाईने नाक दाबून धरलेलं. स्त्रीच्या वक्तृत्वाशी आवाज थोडा उतरला. वाहनाच्या अनिर्बंध संचाराशी ते थांबले आणि वर पाहिलं. वर चारशे दोन आज अगदी गप्प होतं, कारण त्या घरातले सगळे आवाज खाली येऊन उभे होते.

"सगळं खरं आहे," केतकी मॅडमना म्हणाली. "आम्ही आवाज करतो. इथे आलो तर रोज करू. मला काही म्हणायचं नाही. बाबा म्हणतील ते."

ह्यांनी आक्षेपाच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. घामाने सदरा भिजला. कपाळाची शीर उडू लागली. मला वाटलं, आता तत्त्व जिंकणार आणि ही पोर आल्या पावली परत जाणार.

"घाटोळे म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा हितसंबंध आहे. म्हणून मी अध्यक्षपद सोडतो." ते खुर्चीकडे गेले, ती उचलली, ओढत सावलीत आणली आणि केतकीच्या शेजारी ठेवली. "आणि आता मी फक्त हिचा बाप आहे. आक्षेप मागे घेतो."

"पण आमचे कायम आहेत!" घाटोळे म्हणाले.

"ते तर मीच लिहिले ना," हे म्हणाले. "त्यांची भोकं माझ्याशिवाय कोणाला माहीत?"

आणि मग त्यांनी आपल्याच लेखणीची जी चिरफाड केली, ती पाहण्यासारखी होती. टाकीला झाकण बसवणं टाकीवाल्याचं काम. मान अवघडते तर वर पाहू नये. गाढ झोप ही हानी नव्हे. तुपकर मॅडम भराभरा फेटाळत गेल्या. शेवटी घाटोळे काकुळतीला आले. "उमाठे साहेब, भल्ली गर्मी आहे हो! पाऊस पडेपर्यंत तरी ठेवा सावली!"

हे थबकले. खाटांकडे, मठ्ठ्याच्या गाडीकडे, कॅरमकडे असं पाहिलं जणू पहिल्यांदाच दिसत होतं. "म्हणजे तुम्ही सगळे... सावलीसाठी?"

घाटोळ्यांनी मठ्ठ्याचा ग्लास खुर्चीखाली सरकवला. लागलं त्यांना ते, मला दिसलं. पण ते घाटोळ्यांशी भांडले नाहीत. वैरागडे वहिनींकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचा मुलगा पुण्याला ना?"

"हो. यायचं म्हणते तो दरवर्षी. पण इथं घर कुठं आहे?"

"पाचशे एक रिकामं आहे," कोपऱ्यातून इंजिनीअर पटकन म्हणाला.

वहिनींनी वर पाचव्या मजल्याकडे पाहिलं. तिथल्या उशा नुसत्याच तरंगत होत्या, आवाज नव्हता. "मॅडम," त्या म्हणाल्या, "माझा आक्षेप खोडून टाका जी."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी कुठेतरी लांब होतंच. घाटोळे सगळ्यात शेवटी उठले आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटची चौकशी करून आले.

"किती दिवसांत बांधाल?" ह्यांनी इंजिनीअरला विचारलं.

"चार वर्षं धरा, काका."

"चार? आक्षेप!" हे उसळून उठले. "मॅडम, लिहा. बांधकामाचा कालावधी अतिशय जास्त आहे. मी चौऱ्याहत्तरचा आहे."

कुणीतरी हसलं आणि मग कुणीच हसलं नाही.

तुपकर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "लिहिते, उमाठे साहेब. पण मग मंजुरी थांबेल."

ह्यांनी एकदा शर्वीकडे पाहिलं. मग खाली बसले आणि मान हलवली. "राहू द्या."

मॅडमनी पाटीवर अंगठा टेकवला. वरून बारीक घरघर आली आणि सातव्या मजल्यापासून उशा उतरू लागल्या. मजल्यामागून मजला उघडा पडत गेला आणि अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन धाडकन आमच्या डोक्यावर पडलं. "अरे बाप्पा!" करत सगळी कॉलनी खुर्च्या, कॅरम, खाटा घेऊन पळत सुटली. त्या पळापळीत निखिलेशने इतका वेळ दाबून धरलेल्या शिंका सुरू झाल्या आणि घरी पोचेपर्यंत थांबल्या नाहीत.

जेवणं झाली. पोरं कूलरसमोर आडवी झाली. शर्वी आजोबांच्या उशीवर झोपली म्हणून हे भिंतीला टेकून बसले होते. माझ्यावर रागवायचं त्यांच्या मनात असावं, पण कुणाची झोप मोडेल म्हणून रागवता येत नव्हतं. मी ताटं आवरत होते.

"चार वर्षं म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरचा," ते हळूच म्हणाले.

"होईना का. मी पंच्याहत्तरची."

"शुगर आहे, बीपी आहे."

"आहे ना."

आमच्या घरात लौकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची, भाजी लग्नापासून एकदाच शिजली. या घरात आल्यावर मी पहिल्यांदा केली तीच, आणि ह्यांनी आयुष्यातला पहिला आक्षेप घेतला तोही तिच्यावरच. डॉक्टर दर वेळी सांगतात आणि हे दर वेळी डॉक्टर बदलतात.

बऱ्याच वेळाने मला स्वयंपाकघरात हाक ऐकू आली, अगदी दबक्या आवाजात.

"मंजू, उद्यापासून लौकी कर. आणि मीठ कमीच टाक."